चिकटवलेलं उघडू नये

ता. ४, सोमवार

ती. ताईस साष्टांग नमस्कार. आठांपैकी एक अंग सध्या बाद आहे, तेव्हा सप्तांग समज.

अक्षर बघून शेजारच्यांचं पत्र चुकून आलं असं वाटेल तुला. तसं नाही. हे कावळ्याचे पाय माझेच, डाव्या हाताचे. फोन केला असता, पण तुझा कान गेल्यापासून तू "काय?" म्हणतेस, मी "काही नाही" म्हणतो, आणि खुशाली कळली असं धरून दोघंही फोन ठेवून देतो.

झालं असं. तुझं ते शुश्रूषेचं पुस्तक, जे बत्तीस वर्षं वापरून तू खिळखिळं केलंस आणि "जरा बांधून दे" म्हणून माझ्या गळ्यात मारलंस, त्याच्या पाठीसाठी शुक्रवारी चामडं तासत होतो. सुरी मुठीतच फिरली आणि धरलेल्याच उजव्या हाताच्या अंगठ्यात, नखाच्या कडेला शिरली. जखम मसुराएवढी. रक्त मात्र ग्रंथाच्या जाडीला शोभेल असं.

घाबरू नकोस. ग्रंथालयाच्या दुरुस्तीखोलीत अठ्ठावीस वर्षं मी फाटलेलंच जोडत बसलोय. पान फाटलं की कडा मळायच्या आत गव्हाच्या पिठाची खळ लावायची, वर पातळ कागद, त्यावर कापडाची पट्टी, आणि आठ दिवस ढुंकून बघायचं नाही. अंगठ्याला तेच केलं. कातडं ते कातडं, गाईचं काय नि माझं काय! पट्टी इतकी सुबक बसलीय की तुझ्या दवाखान्यात दाखवायला ठेवावी.

बाकी संसाराचं म्हणशील तर ही लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात मी आणि नऊ बोटं. अंगठा नसला की माणूस कोणत्या प्राण्यात जमा होतो हे मला आता कळलंय. सदऱ्याची पाच बटणं लावायला अकरा मिनिटं. पायजम्याच्या नाडीचं एक टोक दातात धरून गाठ मारतो, म्हणजे रोज सकाळी पहिला घास नाडीचा. बरणी गुडघ्यात धरून झाकण फिरवलं, झाकण निघालं, बरणीही निघाली. दाढी डाव्या हाताने केली. उजवा गाल कापलेल्या शेतासारखा आणि डावा न कापलेल्या. पट्टी भिजवायची नाही म्हणून भांडी बेसिनमध्ये साठवतोय. तळच्या पातेल्यातल्या दुधावर जी साय धरलीय ती आता हिरवट झालीय आणि तिला लव फुटलीय. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघते. नवरसांत बीभत्साला जागा कशाला दिली असं पाठशाळेत असताना मी गुरुजींना विचारलं होतं. त्यांना माझं बेसिन दाखवता आलं नाही, नाहीतर तेवढ्यावर भागलं असतं.

हिला यातलं काही कळवू नकोस. धावत येईल.

तुझा,
नऊबोट्या

ता. ८, शुक्रवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

शास्त्रीबुवा, तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि लगेच राग आला. ओल्या जखमेवर पिठाची खळ! अरे, ती खळ तू दोन दिवस डब्यात ठेवलीस तर तिला बुरशी येते असं तूच मला सांगितलं होतंस. मग बोटावर ठेवली तर काय फुलं येतील?

हे पत्र मिळताच:

ती पट्टी कोमट पाण्यात भिजवून काढ. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धू. स्वच्छ कापडाची सैल घडी ठेव. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घे. नंतर नाही, त्याच दिवशी.

आणि मला खरं सांग. ठणका लागतो का? रात्री जास्त लागतो का? नखाची कड लाल आहे की पिवळी? गरम लागते का?

माझं पुस्तक तुझ्याच टेबलावर आहे ना? पान एकशे बारा उघड. सगळं लिहिलंय, चित्रासकट. तुला माझ्यावर विश्वास नसेल तर छापलेल्यावर ठेव, तुझा तोच धंदा आहे.

भांडी घास. डाव्या हाताने घास. हातमोजा घालून घास. पण घास.

तुझ्या बायकोला मी कळवलेलं नाही. अजून.

ताई

ता. ११, सोमवार

ती. ताईस,

तुझं आज्ञापत्र मिळालं. उत्तरं क्रमाने देतो. अंगठा उत्तम आहे. हे पत्र उजव्या हाताने लिहितोय, त्यावरून ओळख. इंजेक्शन घेतल्यासारखंच आहे. ठणका आहे, पण खळ वाळताना ओढ देतेच, पुठ्ठासुद्धा वाकतो. पान एकशे बारा उघडता येत नाही, कारण तुझं पुस्तक पाठीला चामडं लावून दाबयंत्रात आहे आणि बुधवारपर्यंत ते सोडता येणार नाही. पट्टीही काढता येणार नाही. आमच्या धंद्यात एकच आज्ञा वेदतुल्य: चिकटवलेलं उघडून बघू नये. नवशिका तोच, जो दर तासाला कोपरा उचलून "धरलं का?" बघतो. त्याचं कधीच धरत नाही.

पण ताई, माझ्यामागे दुसरीच पीडा लागलीय. वास.

मागच्या बुधवारी दुरुस्तीखोलीत शिरलो आणि नाकात काहीतरी गेलं. गोडसर, चिकट, घशात बसणारं. सरसाचं भांडं हुंगलं. हाडांचा आणि कातड्याच्या तुकड्यांचा सरस काही अत्तर नसतो, पण हा वास त्याच्या पलीकडचा. भांडं ओतून दिलं, दुसरं शिजवलं. तोच वास. उंदीर मेला असेल म्हणून गुरुवारी तीन कपाटं हलवली. एका हाताने कपाट हलवून बघ, म्हणजे ज्ञान किती जड असतं ते कळेल. उंदीर नाही. शुक्रवारी शिवणबाईंच्या डब्यावर संशय घेतला. या माझ्या शेजारी बसून पानांचे फॉर्मे शिवतात, बारा वर्षं टेबलाला टेबल लावून आहोत. त्यांनी आपलं टेबल उचलून खिडकीशी नेलं. "उजेड हवा," म्हणाल्या. रुसल्या. घरी यावं तर बेसिनमधून तोच वास. उशीला तोच. काल चहाच्या कपाला आला तेव्हा कप फेकला. जेवण जात नाही. घास तोंडाशी आला की वास आधी पोचतो.

शनिवारी सरसवाले काका माल घेऊन आले. सत्तरीचे आहेत, वीस वर्षं सायकलला दोन डबे अडकवून येतात. मी सगळ्यांदेखत झाकण काढलं.

"काका, माल कुजलाय. हुंगा."

हुंगले. "माल बरोबर आहे, मास्तर."

"पुन्हा हुंगा."

पुन्हा हुंगले. तिसऱ्यांदा हुंगायला लावलं. मग त्यांनी झाकण नीट लावलं, माझ्याजवळ आले, नाक थोडं हललं आणि म्हणाले, "वास आहे खरा. पण तो डब्यातून येत नाही, मास्तर. तुमच्याकडून येतोय."

शिवणबाईंनी मान खाली घातली. हसत असणार.

मला, ताई! मी दोन वेळा अंघोळ करणारा माणूस! तिथल्या तिथे तक्रार लिहवली. शिवणबाई "सोमवारी लिहू या का, मास्तर?" म्हणत होत्या, तरी त्यांच्याकडूनच लिहवून घेतली, सही मी ठोकली आणि कागद तक्रारवहीत चिकटवला. आज सकाळी ग्रंथपालांनी काकांना माल बंद म्हणून सांगितलं. त्यांनी डबे सायकलला अडकवले, पेडलवर पाय ठेवला, गेले. एकदासुद्धा वळून बघितलं नाही. वीस वर्षांचा माणूस, वाईट वाटलं. पण वाईट वाटून वास थोडाच जातो?

नवा सरस दुसरीकडून मागवलाय. तो आला की सगळं ठीक होईल.

तुझा,
दहाबोट्या

ता. १४, गुरुवार

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे नंतर.

तुझं पाकीट मी फोडलं आणि खोलीची खिडकी उघडली. पत्राला वास येतोय. तू पाकीट खळ लावून त्याच अंगठ्याने दाबलंस, हो ना? घडीजवळ पिवळा डाग आहे, कडेला तांबूस. मी तो खिडकीशी धरून बघितला. सरसाचा वास मला माहीत नाही. हा वास मला माहीत आहे. बत्तीस वर्षं मी ड्रेसिंगच्या खोलीत काढली, दार उघडायच्या आधी आत काय आहे ते मला कळायचं.

सरसवाला खरं बोलला. तुझी शिवणबाई हसत नव्हती.

आणि तू उजव्या हाताने लिहिलं नाहीस. ओळीन् ओळ हाताखाली येऊन पुसली गेलीय. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचीच शाई अशी फरफटते. एवढं खोटं बोलायचं तर निदान टीपकागद वापरायचास.

याला नखुरडं म्हणतात. आधी नखाच्या कडेला पू होतो, मग नखाखाली, मग पेरात. पेरातून हाडात गेला की डॉक्टर औषध देत नाहीत, पेर काढतात. काख चाचपून बघ. अवधाणाची गाठ आलीय का? मनगटाकडे लाल रेघ निघालीय का? अंगठा गेला तर सुरी कशात धरणार आहेस? दातात? नाडीसारखी?

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी हातातलं टाक आणि दवाखान्यात जा. मला टपालाचा भरवसा नाही आणि तुझा तर नाहीच नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय.

ताई

ता. १५, शुक्रवार

ताई,

अजून तुझं पत्र नाही. सकाळपासून कणकण आहे, कामावर गेलो नाही. काल नवा सरस आला. भांडं उघडलं. तोच वास.

मग मी घरी येऊन दार लावलं आणि अंगठा नाकाशी नेला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

आज मी उघडून बघितलं. कोपराच फक्त. कागद निघाला तसं त्याच्याबरोबर वरचं कातडंही आलं, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा थर निघतो तसं, न दुखता. खाली पांढरं, मऊ, ठिकठिकाणी हिरवट. दाबलं नव्हतं तरी कडेने काहीतरी हळूच वर आलं. ते माझंच होतं. माझ्या शरीरात असं काही आहे आणि ते मला न विचारता वर येतं, हे बघून मी जमिनीवर बसलो.

मग मी काय केलं ते तुला सांगायची लाज वाटते. खळ घेतली आणि पुन्हा चिकटवलं.

काखेत गाठ आहे.

तुझा

ता. २९, शुक्रवार

ती. ताईस साष्टांग. यावेळी आठही अंगं हजर, एक थोडं उशिरा आलं.

तू सोमवारी गेलीस, घर इतकं स्वच्छ आहे की मी पाहुण्यासारखा वावरतो. तुझं ते खरमरीत पत्र त्या शनिवारी तुझ्यानंतर दोन तासांनी आलं होतं हे तुला माहीतच आहे. टपालाबद्दल तू बरोबर होतीस. माझ्याबद्दलही.

तू पट्टी कोमट पाण्यात सोडवलीस ते मी डोळे मिटून ऐकत होतो. जरा जरा भिजवत, कड सुटेल तेवढीच ओढत. ताई, जुनं पान असंच सोडवतात. तू बाइंडर झाली असतीस. मग एकदम तुझे हात थांबले आणि तू बेसिनकडे धावलीस. बत्तीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत नाक न मुरडलेली बाई, आणि माझ्या मसुराएवढ्या जखमेला पोटातलं सगळं बाहेर! मी तापात होतो, पण कान शाबूत आहेत माझे. तोंड पुसून तू परत आलीस आणि "हात धर वर" म्हणालीस. तेव्हा राहिलं ते आता कागदावर टोचतोय.

डॉक्टरांनी काल पुन्हा बघितलं. अर्धं नख गेलं, पेर वाचलं. "आणखी दोन दिवस आणि तुमची सही बदलली असती," म्हणाले. नवीन नख सहा महिन्यांनी. सध्या तिथे जे आहे ते उंदराच्या पिल्लासारखं गुलाबी आहे, बघितलं की अजून अंगावर काटा येतो. पण रोज उघडून बघतो. पान एकशे बारा वाचलं. पहिलंच वाक्य: "जखम रोज उघडून पाहावी." आणि मी तेच पान दाबयंत्रात आवळून, वर अंगठा ठेवून बसलो होतो.

आता खरं सांगायचं ते. मंगळवारी सरसवाल्या काकांकडे गेलो. गावाबाहेर त्यांचं आवार आहे, तिथे कातड्याचे तुकडे नि हाडं मोठ्या कढईत शिजतात. मी फाटकापाशी थांबलो. काका लाकडाने ढवळत होते. वर न बघता म्हणाले, "आज कसा येतोय वास, मास्तर?"

"काका, चुकलं माझं. माल चांगला होता. अंगठा कुजला होता."

"मला माहीत होतं."

"मग नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. चारचौघांत मला तीनदा हुंगायला लावलंत, मी एकदाच सांगितलं. आमचा धंदा नाकाचा आहे, मास्तर. माझं नाक खोटं असं तुम्ही वहीत चिकटवलंत. आता कोण घेईल माझा माल?"

माफी पुन्हा मागितली. ते म्हणाले, "इथे माझ्याशी काय बोलता! जिथे मला हुंगायला लावलंत तिथे तुम्ही हुंगा."

बुधवारी डबे घेऊन आले. ग्रंथपाल, शिवणबाई, शिपाई, सगळे उभे. मी झाकण काढलं आणि नाक आत घातलं. तीन वेळा. ताई, सरस घाणच असतो. खूर, हाड, जळकं कातडं. पण घाणीत घाण एवढीच. तो गोडसरपणा नाही, घशात बसणारं काही नाही. अठ्ठावीस वर्षांचा ओळखीचा, प्रामाणिक वास. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, वासाने.

"माल बरोबर आहे," मी मोठ्याने म्हणालो.

मग तक्रारवही मागवली. ओला स्पंज घेऊन माझाच कागद भिजवला, कड सुटायची वाट बघितली आणि सोलून काढला. आपलं चिकटवलेलं आपणच उघडायची माझी पहिलीच वेळ. खाली वहीचं पान जरा फुगलंय, वाळेल. काकांनी जाताना माझा उजवा हात धरला, अंगठा नाकाशी नेला, डबा नेतात तसा. "हाही आता ठीक आहे," म्हणाले.

शिवणबाईंनी टेबल परत आणलंय. पूर्वीच्या जागेपासून एक हात दूर. तेवढी सावधगिरी मला मान्य आहे.

तुझं पुस्तक सोबत पाठवतोय. पाठीच्या चामड्यावर खालच्या कोपऱ्यात करडा डाग दिसेल, तो रक्ताचा. पुसून बघितला, जात नाही. हवं तर चामडं बदलून देतो.

हे पत्र उजव्या हाताने लिहिलंय. शाई बघ.

तुझा,
साडेनऊबोट्या

ता. २, मंगळवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पुस्तक छान झालंय. चामडं बदलू नकोस. डाग राहू दे.

उलटी तुझ्या बेसिनमुळे झाली. त्या पातेल्यात जे होतं त्याला मी नाव देऊ शकत नाही. अंगठ्यामुळे झाली असं पुन्हा लिहिलंस तर तुझ्या बायकोला सगळी पत्रं पाठवीन, डागासकट.

जखम उघडून बघ, पण दिवसातून एकदा. दर तासाला नको. तेवढं तुझ्या धंद्याचं ऐक.

काल पार्सल आलं तेव्हा चष्मा सापडत नव्हता. मग आधी हुंगलं. पुस्तक हुंगलं, पत्र हुंगलं. कागद, शाई, सरस. दुसरं काही नाही. मग चष्मा शोधायची घाई उरली नाही.

ताई